मागणीच्या गाडीची हवा

“गाडी माझी, चालवणार मी आणि टायरमधली हवाही माझ्याच हिशेबाने!” केनेइल्वे आत्याने निघतानाच बजावलं.

भाचा थुसो याच्यासाठी मुलगी मागायला जायचं होतं. ऊन चढायच्या आत मुलीच्या दारात हजर व्हायचं. उशीर झाला, की मुलीचे मामा कुंपणावरूनच परत पाठवणार आणि थुसोचं लग्न थेट पुढच्या वर्षी!

पण मागणीच्या दिवशी शब्द चालतो तो मुलाच्या मामांचा, म्हणजे मोदिसे मामांचा. त्यांच्यापुढे ब्र काढायची सोय नाही!

“हवा पस्तीसच ठेवायची,” मामा म्हणाले.

“अहो, डांबरावर ठीक आहे. पुढे कालाहारीची वाळू! अठरावर आणली, की टायर पसरतो आणि रुतत नाही.”

“पसरलेला टायर माझ्या पोटासारखा दिसतो! मुलीकडच्यांसमोर शोभेल का?”

आत्याने दात-ओठ खाल्ले. मागे बसलेले लेरूओ काका आणि बोंतले मावशी एकदम गप्प. फारच गप्प!

डांबर संपलं, तिथे गुरांच्या कुंपणाचं फाटक लागलं. गुरांचा रोग पलीकडे जाऊ नये म्हणून सगळे खाली उतरून औषधाच्या पाण्यात बुटांचे तळ बुडवून आले. परतताना काकांच्या बुटाची नाडी पुढच्या चाकापाशी सुटली. मावशींचा डूल मागच्या चाकापाशी पडला. मामा तेवढे ताठ मानेने येऊन बसले.

वाळूत शिरताच गाडी हट्टी गाढवासारखी एका बाजूला ओढायला लागली! आत्या स्टिअरिंग उजवीकडे फिरवतेय, गाडी डावीकडे निघालीय. शेवटी एका झुडपाला मिठी मारून रुतली.

आत्याने पंप आणि हवा मोजायचं मीटर काढलं. “हे बारा! दादा, तू?”

“वाळूत बाराच लागते,” लेरूओ काका पुटपुटले. “पण मामांना कोण सांगणार?”

“आणि हे पंचवीस?”

“मी गं!” मावशी म्हणाल्या. “तुझंही मन राखलं, मामांचंही!”

“हे पस्तीस माझं. मी हातही लावलेला नाही!” मामा गरजले. “मग हे अठरा कुणी केलं?”

आत्या आभाळाकडे बघत राहिली.

ऊन चढत होतं. मामा खाकरले. “करा सगळे अठरा. सकाळपासून मी हेच तर सांगतोय!”

आत्याने कपाळावर हात मारला. पण गाडी लोण्यातून सुरी फिरावी तशी निघाली!

तरी उशीर झालाच. मुलीचे मामा काठी टेकून कुंपणापाशी उभे. परत पाठवायला त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांची नजर चाकांवर गेली.

“वाळूत अठरा? कुठल्या शहाण्याने केली?”

“मी!” मोदिसे मामांनी छाती फुगवली.

“सोळा पाहिजे!”

“अठरा!”

“अहो, सोळा!”

भांडत भांडतच दोघे फाटकातून आत गेले. उशिराची आठवण कुणाला झाली, तोवर चहा संपला होता आणि मुलगी दिलेली होती!

सगळ्यांचा निरोप घेऊन आत्याने गाडी सुरू केली. गाडी पुन्हा एका बाजूला ओढली आणि मुलीकडच्यांच्या कोंबड्यांच्या खुराड्यावर धडकली!

आत्याने खाली उतरून मीटर लावलं. सोळा. वीस. चौदा. तीस.

मुलीकडची सगळी वडीलधारी मंडळी आभाळाकडे बघत होती.

“झालं!” आत्याने सुस्कारा सोडला. “आता खरे सोयरे शोभतात!”