लेबलाजवळची बारीक अक्षरं

भिंगरावांनी त्या रविवारी एवढंच ठरवलं होतं, की मेहुण्याचं तोंड एकदाचं बंद करायचं. (असं ठरवणाऱ्यांचं पुढे काय होतं हे जगजाहीर आहे, पण ऐकतो कोण?)

भांडण होतं व्हायोलिनच्या एका रेकॉर्डवरून. सासरे घड्याळजी. त्यांच्याकडे त्या रेकॉर्डच्या दोन प्रती होत्या. एक त्यांनी मुलाला दिली, दुसरी मुलीला, लग्नानंतर वर्षभराने. आता दुकान सांभाळणारा मुलगा दर भेटीत म्हणायचा, "मूळ प्रत माझ्याकडे. हिला दिली ती मागाहूनची." त्यावर भिंगरावांची बायको विषय बदलत असे, पण घरी येईपर्यंत तिचा चेहरा उतरलेला असे. वडील गेल्यापासून तर तिला हे फारच लागायचं, आणि तिचं लागलेलं भिंगरावांना पाहवत नसे.

अशात जुन्या रेकॉर्डी विकणाऱ्या एकाने त्यांना गुपित सांगितलं. वाजायचं संपतं तिथपासून लेबलापर्यंत जी गुळगुळीत पट्टी असते, तिच्यावर बारीक आकडे असतात. या कंपनीच्या आकड्यांत शेवटी एक असेल तर पहिलं प्रेसिंग, म्हणजे पहिल्या खेपेला काढलेली मूळ प्रत. दोन किंवा तीन असेल तर मागाहूनचं.

"अहो, त्या रेकॉर्डवाल्यालाच दाखवा ना," बायको म्हणाली.

"का? मी मेलोय का? पुसट शिक्के वाचण्यात माझी हयात गेली."

हे मात्र खरं होतं. आवक-जावकच्या टेबलावर बावीस वर्षं भिंग घेऊन बसल्यामुळेच तर हे नाव पडलं होतं.

"बाबांची आहे ती. जपून."

"मला शिकवू नकोस."

कचेरीत शिक्का पुसट असला की कागद दिव्याला लावायचा, अक्षर उठून दिसतं. भिंगरावांनी टेबललॅम्पमध्ये शंभरचा बल्ब लावला, रेकॉर्ड त्याच्या तोंडाशी टेकवली आणि भिंग डोळ्याला लावलं. दिसला! शेवटी एक. ठसठशीत एक. मग रेकॉर्ड तशीच ठेवून त्यांनी तो आकडा तीन प्रतींत उतरवून घेतला, तारखेसह आणि सहीसह. (कार्बन शोधण्यात थोडा वेळ गेला.)

बाराच्या सुमारास मेहुणा आपली प्रत घेऊन आला. तिच्यावर शेवटी तीन निघाला. बायकोचे डोळे भरून आले. भिंगरावांची छाती दोन इंच फुगली.

"मग लावा की तुमची मूळ प्रत," मेहुणा म्हणाला.

लावली. रेकॉर्डची एक कड टोपीच्या काठासारखी वर आली होती. सुई चढ चढली, घसरली आणि व्हायोलिन रडू लागलं.

"भाऊजी, हे काय केलंत?"

"पहिल्या प्रेसिंगला बाक असतोच," भिंगराव ताठ मानेने म्हणाले.

बायकोने लॅम्पकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.  

मेहुण्याने खिशातून घड्याळजीचं भिंग काढलं आणि रेकॉर्ड उजेडात तिरपी धरली. "हे बाबांचं अक्षर आहे."

सासऱ्यांची ती सवय सगळ्यांना ठाऊक होती. दुरुस्त केलेल्या प्रत्येक घड्याळाच्या झाकणाच्या आत ते सुईने बारीक नोंद कोरत, काय बिघडलं आणि कोणी बिघडवलं. (लग्नानंतरच्या पहिल्याच भेटीत भिंगरावांनी दुकानातल्या भिंतीवरच्या घड्याळाला उत्साहाने जास्त किल्ली देऊन त्याची स्प्रिंग तोडली होती. सासरे तेव्हा नुसते हसले होते.) इथे त्यांनी त्याच पट्टीवर, लेबलाच्या पलीकडच्या बाजूला दोन ओळी कोरल्या होत्या. आकडा सापडल्यावर भिंगरावांनी तिकडे पाहिलंच नव्हतं.

"वाच ना, दादा," बायको म्हणाली.

"मूळ प्रत. मुलीसाठी."

ती रडता रडता हसली. वर्षानुवर्षांचं ओझं उतरलं होतं. भिंगरावांनी मेहुण्याच्या हातून रेकॉर्ड झडप घालून घेतली आणि छातीशी धरली.

"मी म्हणत नव्हतो? बाबांनीच लिहून ठेवलंय! आता कोणाची हिंमत आहे नाही म्हणायची?"

"कोणाचीच नाही, भाऊजी. पण खाली अजून एक ओळ आहे."

"तीही वाचा. होऊन जाऊ दे."

मेहुण्याला आता पुन्हा भिंगाची गरज नव्हती.

"'जावयाच्या हाती देऊ नये.'"

बायकोने डोळे पुसले आणि भिंगरावांच्या हातातून रेकॉर्ड अलगद काढून घेतली.