पाटीवरचा अनुस्वार

"आई, बाहेर बघ जरा. या पावसात कुत्रंसुद्धा बाहेर पडणार नाही," लेक म्हणाली.

"मी कुत्रं नाहीये," आईनं ठणकावलं आणि बुटाची नाडी करकचून आवळली.

या आईला सगळे 'बाई' म्हणत. जन्मभर शाळेत भाषा शिकवली, एकेका अनुस्वारापायी पोरांचा अर्धा अर्धा मार्क कापला. आता लेकीच्या डोक्यात शिरलं होतं, की बाईंना नीट दिसत नाही. पुरावा काय, तर एकदा जावयाच्या चहात साखरेऐवजी मीठ पडलं. तेवढ्यावरून लेकीनं निकाल लावून टाकला: तिसऱ्या मजल्यावरचं घर विकायचं आणि आमच्याकडे राहायला यायचं. बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. स्वतःचं घर, स्वतःची किल्ली, हवा तेव्हा दिवा घालवायची मुभा, हे सगळं चमचाभर मिठापायी सोडायचं? शेवटी पैज लागली. समुद्राकाठच्या कड्यावरची वाट बाईंनी स्वतः रस्ता दाखवत, न चुकता पार केली, तर घराचा विषय कायमचा बंद. चुकल्या, तर मुकाट सामान बांधायचं. नेमका त्याच दिवशी पाऊस कोसळला, त्याला बाई काय करणार?

निघताना एवढी खडाजंगी झाली, की डबा टेबलावरच राहिला. कड्यावर पोचताच वाऱ्यानं छत्री उलटी करून समुद्रात भिरकावली. जावयाच्या पोटात कावळे ओरडायला लागले होते. एवढ्यात वाटेला दोन फाटे फुटले आणि तिथं एक पाटी दिसली. बाईंनी चष्मा पुसला. पदर ओला, त्यामुळे चष्मा आणखीच ओला झाला.

"खाणं!" बाईंनी जाहीर केलं. "आणि डावीकडे बाण."

"खाणं?" टोपीत नाकापर्यंत बुडालेला जावई मागून ओरडला. "आई, चला! थांबू नका!"

डावीकडच्या वाटेवर गुडघाभर चिखल होता. त्यानं आधी जावयाचा एक बूट गिळला, मग लेकीचा फोन. तरी जावई लंगडत, गरम काहीतरी मिळेल म्हणून सगळ्यांच्या पुढे धावला. धुकं सरलं तेव्हा समोर उंच धुराडं, छप्पर उडालेलं इंजिनघर आणि जाळी ठोकलेला एक खोल खड्डा. खड्ड्याजवळ ठळक अक्षरं होती: 'जुनी खाण. जवळ जाऊ नये.'

"खाण!" लेक किंचाळली. "आई, तिकडेही खाणच लिहिलं होतं! चुकलीस तू वाट!"

"तिथे अनुस्वार होता."

"तो खिळा असेल गं!"

"असेल. पण ठोकणाऱ्यानं अनुस्वाराच्याच जागी ठोकलाय. अर्धा मार्क त्याचा कापायचा, माझा नाही!"

"उद्याच सामान बांधायला येते मी."

"ये की! दार उघडलं तर बघ!"

बोलताना बाईंनी कनवटीची किल्ली मात्र घट्ट धरली. हरलो तर आपली किल्ली गेली, हे त्यांना पक्कं माहीत होतं. जावई एका पायावर उभा राहून दोघींकडे आलटून पालटून बघत होता.

तेवढ्यात चिखल तुडवत एक चिंब भिजलेला गृहस्थ वर आला. त्यानं इंजिनघरात डोकावलं, धुराड्यामागे जाऊन पाहिलं आणि रडवेल्या आवाजात विचारलं, "अहो, इथं खाणं कुठं मिळतं?"

बाई ताठ झाल्या. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला हवं? पाटीवर धडधडीत लिहिलंय!"

"बरोब्बर वाचलंत. आपण करता काय?"

"डोळ्यांचा डॉक्टर आहे."

जावयाला एवढं हसू आलं, की उरलेला बूटही चिखलात रुतला.

"बोल आता," बाई लेकीला म्हणाल्या.

"बंद," लेक पुटपुटली.

"मोठ्यानं."

"बंद, बंद, बंद! राहा तुझ्या तिसऱ्या मजल्यावर!"

बाईंनी भरून आलेले डोळे पुसले आणि डॉक्टरांनाही सोबत घेतलं. सगळे परत निघाले. उतरणीच्या तोंडाशी मात्र बाई थबकल्या आणि त्यांनी लेकीपुढे हात केला.

"धर घट्ट. मला मघापासून काही म्हणजे काही दिसत नाहीये."

"काय? आई! म्हणजे ती पाटी तू..."

"विषय बंद झालाय," बाई म्हणाल्या.