गहाळ पंधरा मिनिटं

“माणसाच्या मनातल्या अंधाऱ्या खोल्यांतून मी हातात दिवा न घेता फिरतो. माझ्या नजरेतून माशीही सुटत नाही आणि सुटलीच, तर ती मी मुद्दाम सोडलेली असते. बत्तीस वर्षं मी घरोघरी जाऊन विजेचे मीटर वाचले. जो मीटर वाचतो, तो माणूसही वाचतो. गुन्हेगार मला पाहून घाम पुसतात.”

वरचा मजकूर आमच्या ह्यांनी येरझारा घालत सांगितला आणि मी मटार सोलता सोलता लिहून घेतला. मीटर वाचल्याचं खरं आहे. एका घरी ह्यांनी पाण्याचा मीटर विजेचा समजून तीन महिने वाचला, हेही तितकंच खरं आहे. घामाचं म्हणाल, तर ह्यांना पाहून फक्त आमचा इस्त्रीवाला घाम पुसतो आणि तो सगळ्यांनाच पाहून पुसतो.

निवृत्त झाल्यापासून हे गुप्तहेर आहेत. इमारतीत ह्यांना ‘भिंग’ म्हणतात. टोपणनाव पाठीमागे ठेवलेलं असलं तरी हे ते पदवीसारखं मिरवतात. भिंग आहेच म्हणा घरात. सासूबाईंनी औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचायला घेतलेलं. तपास जोरात असला, की सासूबाईंचं औषध चुकतं.

आणि मी मदतनीस. नेमणुकीचं पत्र मिळालेलं नाही, राजीनामाही कुणी घेत नाही.

तर ही केस आमच्या भाचीची. भाची म्हणजे ह्यांच्या धाकट्या बहिणीची लेक, नोकरीसाठी तीन महिन्यांपूर्वी आमच्याकडे राहायला आलेली. रक्त तपासायच्या लॅबमध्ये ती लोकांच्या दंडाला पट्टा बांधून सुई टोचते. हात इतका हलका, की माणूस “कधी टोचणार?” असं विचारतो तेव्हा ती बाटलीवर चिठ्ठी चिकटवत असते. पण लॅब उघडते सकाळी साडेसहाला आणि त्या वेळी तिथे येतात ते सगळे उपाशीपोटी तपासणीवाले. रात्रीपासून पोटात काही नाही, चहासुद्धा नाही. अशा माणसांना पंधरा मिनिटं ताटकळत ठेवणं म्हणजे पोळ्यात हात घालून मधमाशांना तब्येत विचारणं.

भाची रोज पंधरा मिनिटं उशिरा पोचत होती. चौदा नाही, सोळा नाही.

बुधवारी ती परत आली ती थेट स्वयंपाकघरात माझ्या शेजारी येऊन बसली. “मामी, शनिवारी माझे उमेदवारीचे तीन महिने संपतात. मॅडम म्हणाल्या, काम चांगलं आहे म्हणून इतके दिवस चालवून घेतलं. शनिवारी साडेसहाला दारात दिसलीस तर कायम करायच्या कागदावर सही करते. नाही दिसलीस तर सोमवारी येऊ नकोस.”

“मग दिसायचं! त्यात काय?”

“अगं, पाचचा गजर लावते मी. जाग येते तेव्हा सव्वापाच झालेले असतात. मग पुढची बसच मिळते.” तिने मटाराचं एक साल उगाचच दुमडलं. “मी आळशी आहे का गं? आई म्हणायचीच, हिच्या कानाशी ढोल बडवला तरी ही कूस बदलेल. घड्याळ खोलीबाहेर स्टुलावर ठेवलं, झोपताना दोन तांबे पाणी पिऊन पाहिलं. सोडूनच देऊ का ही नोकरी? माझ्याने नाही होणार.”

दारामागून आवाज आला, “पंधरा मिनिटं चोरीला गेली आहेत!”

हे दारामागेच होते. हे नेहमीच दारामागे असतात.

पहिला संशय घड्याळावर. घड्याळ ह्यांनीच आणलेलं. वरचं बटण दाबलं, की गप्प होतं आणि पाच मिनिटांनी पुन्हा ओरडतं. हे उरलेला दिवस त्याच्यासमोर मनगटावरचं घड्याळ धरून बसले. संध्याकाळी निष्कर्ष निघाला, की स्टुलावरचं घड्याळ बरोबर आहे आणि मनगटावरचं बंद पडलंय.

“आणि हे बघ,” ह्यांनी डाव्या पायाचा सुजलेला अंगठा मला दाखवला. “गेले कित्येक दिवस सकाळी हा ठणकतो. झोपेत कुणीतरी माझ्या अंगठ्यावर हल्ला करतंय. शत्रू घरात येऊन जातो.”

“शत्रूला तुमचा अंगठाच बरा सापडला.”

“मला लंगडं केलं, की पाठलाग संपला!”

गुरुवारी संशय उशीवर गेला. उशी मऊ आहे म्हणून झोप गाढ लागते, असा सिद्धांत. ह्यांनी उशी उसवून कापूस तपासला. त्या दिवशी सासूबाईंना दिवसभर शिंका आल्या आणि त्या शिंकांनाही पुरावा म्हणून वहीत जागा मिळाली. रात्री भाची घडी केलेल्या चादरीवर डोकं ठेवून झोपली. शुक्रवारी सव्वापाचला उठली, वर मान आखडलेली.

शुक्रवारीच ह्यांनी वेषांतर केलं. म्हणजे कानटोपी घातली. संशय आता लॅबमधल्या नावं लिहून घेणाऱ्या माणसावर होता. तिथलं भिंतीवरचं घड्याळ तो पंधरा मिनिटं पुढे करतो, असं ह्यांचं म्हणणं. हे खोटं नाव सांगून रांगेत बसले. पुढचं भाचीने संध्याकाळी सांगितलं.

“मी पट्टा बांधला आणि म्हटलं, मामा, मूठ आवळा. तर म्हणतात, ‘मी तो नव्हे.’ म्हटलं बरं, जे कोण असाल ते मूठ आवळा. तर सुई पाहूनच आडवे!”

“मी आडवा होऊन टेबलाखालची पाहणी करत होतो,” हे म्हणाले.

“डोळे मिटून?”

टेबलाखाली काही सापडलं नाही. आडव्यानेच घेतलेल्या रक्तात मात्र साखर सापडली, चांगली भरपूर. तीन दिवसांच्या तपासात हाती लागलेली खरी वस्तू ती एवढीच. मी त्याच क्षणी बिस्किटांचा डबा वरच्या फळीवर ठेवला.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. या केसमधली पाच मिनिटं कुठे गेली ते मला पहिल्यापासून माहीत होतं. ती मी घेतली होती. म्हणजे दिली होती. पहाटे गजर वाजला, की मी चष्मा न लावताच उठायची, काटे काही दिसायचे नाहीत. दारातून डोकावलं तर पोर कोकरासारखी मुटकुळं करून झोपलेली. तिला उठवावंसं वाटायचं नाही. म्हणायचं, झोपू दे बाई पाच मिनिटं, लगेच वाजेलच पुन्हा. बटण दाबायचं आणि परत येऊन पडायचं. मला पाठ टेकली की झोप लागते. पण माझी पाचच. उरलेली दहा कुणाची, हे मला खरंच कळत नव्हतं. आणि कळेपर्यंत आपली पाच कशाला सांगा, म्हणून मी मटार सोलत होते.

शुक्रवारी संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या बाई वर आल्या. गळ्यात टेप, ओठांत टाचणी. टाचणी काढून म्हणाल्या, “उद्या माझी उपाशीपोटी तपासणी आहे. पोरगी वेळेवर येणार का तेवढं सांगा. मला भूक सहन होत नाही, मी माणसं ओरबाडते.”

“तपास चालू आहे,” हे म्हणाले.

“कसला तपास?”

ह्यांनी सांगितला, उशीसकट. बाई शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “अहो, मी पहाटेपासून मशीनवर असते. तुमची जमीन म्हणजे माझं छत. ते घड्याळ रोज चार वेळा वाजतं. पहिल्यांदा किंचित कुंई होतं, की काठी येते टकटक, घड्याळ बंद, काठी परत.”

सासूबाई खिडकीबाहेर बघू लागल्या.

“पाच मिनिटांनी पुन्हा वाजतं. मग सपाता येतात फटक फटक. बंद. सपाता परत.”

मी मटाराचं भांडं उचललं. ते रिकामं होतं.

“तिसऱ्यांदा वाजतं, तेव्हा अनवाणी पाय येतात. धप धप. मग काहीतरी आदळतं, ‘आई गं!’ असं ऐकू येतं, मग बंद.”

सगळ्यांनी ह्यांच्या अंगठ्याकडे पाहिलं. ह्यांनीही पाहिलं, जणू काही तो दुसऱ्या कुणाचा होता.

“चौथ्यांदा अडवायला कुणी उरत नाही. तेव्हा ते चांगलं खणखणतं आणि पोरगी उठते. तुम्ही तिच्या कानापर्यंत ते घड्याळ कधी पोचू दिलंय?”

भाची एकेकाकडे बघत होती. “आजी, तू?”

“दमून येतेस गं,” सासूबाई म्हणाल्या. “मला काय ठाऊक, ही पण देते म्हणून? मी आपली माझी पाच दिली.”

“मामी?”

“चष्मा नव्हता,” मी म्हटलं. ह्याला उत्तर म्हणत नाहीत हे मलाही कळतं.

“मामा! आणि तुम्ही माझी उशी फाडलीत?”

“गुप्तहेराने स्वतःवर संशय घ्यायचा नसतो,” हे म्हणाले, पण आवाज पार उतरला होता. “झोपेत तू लहानपणीसारखी दिसतेस. म्हणून जरा...”

भाचीला हसू आवरेना आणि मग डोळेही पुसावे लागले. “म्हणजे मी आळशी नाही?”

“तू कसली आळशी,” बाई टाचणी परत ओठांत ठेवत म्हणाल्या. “तुझ्या घरात माया जास्त झालीय. कापड जास्त झालं तरी झगा बिघडतोच. उद्या कुणी हलू नका.”

शनिवार. पाच वाजले. कुंई झालं.

पलीकडे सासूबाईंची काठी जमिनीवर एकदा टेकली आणि थांबली. माझे पाय आपोआप सपाता शोधायला लागले, तर ह्यांनी माझं मनगट धरलं. ह्यांचे पाय खाली गेले, तेव्हा मी ह्यांचं धरलं. घड्याळ आता ओरडत होतं. एवढं ओरडतं ते, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. पोर झोपलीय आणि आपण नुसतं ऐकत पडायचं, यासारखी शिक्षा नाही. उठली नाही तर? खरंच ढोलानेही उठत नसेल तर?

दार करकरलं. पावलं आली, अनवाणी, हलकी. स्टुलापाशी थांबली. घड्याळ गप्प झालं.

मग बाहेरून तिचा आवाज आला, झोपेने जड, पण आत हसू दडलेलं.

“उठले हं मी. तुम्ही झोपा सगळे. पाच मिनिटं.”

आम्हाला जाग आली ती दाराच्या घंटीने. उघडलं तर शिवणकामवाल्या बाई, कोपरात कापसाचा बोळा घट्ट दाबून धरलेल्या.

“साडेसहाला पहिला नंबर माझा! टोचलं कधी ते कळलंच नाही. मॅडमनी माझ्यासमोर सही केली कागदावर.” मग माझ्या विस्कटलेल्या केसांकडे आणि मागे जांभई देणाऱ्या ह्यांच्याकडे पाहून म्हणाल्या, “पण तुमचं काय झालं? साडेआठ वाजले. मला वाटलं, वर कुणी राहतंय की नाही.”