जावयाची डावी कुऱ्हाड

"ही कुऱ्हाड डाव्या हाताची आहे," सासऱ्यांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावरची कुऱ्हाड उलटसुलट करून पाहिली आणि शांतपणे सांगितलं.

इल्पोच्या हातातला दालचिनीचा बन तोंडापाशी येऊन थांबला. दोन हिवाळे तो हत्यारं निवडत होता. स्वतःचं ओंडक्यांचं घर स्वतःच्या हाताने बांधीन, यंत्राला शिवणार नाही, असं त्याने लग्नाच्या जेवणात उभं राहून जाहीर केलं होतं. विमा कंपनीत खुर्ची उबवणाऱ्या माणसाने असं बोलू नये, पण तो बोलून बसला. सासऱ्यांनी, म्हणजे ताउनोंनी, चकार शब्द न काढता आपल्या जंगलातली पाइनची झाडं पाडली, सोलली आणि तळ्याकाठी रचून ठेवली. तेव्हापासून ओंडके वाळत होते आणि इल्पो निवडत होता. एका कुऱ्हाडीचं पोलाद पसंत नाही, दुसरीचा दांडा. "हत्यार चुकलं की घर चुकलं," हे त्याचं वाक्य सासुरवाडीत सगळ्यांना तोंडपाठ झालं होतं.

अखेर ताउनोंनी निर्वाणीचं सांगितलं. जूनमधल्या भर उन्हाळ्याच्या सणाआधीच्या शनिवारी गाव मदतीला येईल. त्या दिवशी जावयाने पहिला ओंडका तासला नाही, तर सगळे ओंडके लाकूड गिरणीत जातील. इल्पोची बायको साइला तर बापाच्याही पुढची. "मग मी शहरात फ्लॅट बघते. त्याला हत्यारं लागत नाहीत," ती म्हणाली.

म्हणून इल्पो घाईघाईने जुन्या बाजारातून कुऱ्हाड घेऊन आला. ओंडके तासायची ही रुंद कुऱ्हाड एका अंगाने सपाट असते आणि बोटं लाकडावर सोलवटू नयेत म्हणून तिचा दांडा जरा बाहेर वळवलेला असतो. ते वळण कुठल्या बाजूला आहे, त्यावर ती उजव्याची की डाव्याची हे ठरतं. त्या गावातल्या शेंबड्या पोरालाही हे कळतं. इल्पोला नव्हतं कळलं. विकणाऱ्या बाईला विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं, पण विचारायची लाज वाटली. त्याने पात्यावर टिचकी मारली, जाणत्यासारखं 'हं' म्हटलं आणि कुऱ्हाड गोणपाटात गुंडाळून घेतली.

"डाव्या हाताचीच," इल्पो आता म्हणाला. "मुद्दाम घेतली. मी डावखुरा आहे ना."

साइलाने नवऱ्याकडे पाहिलं. मग त्याच्या उजव्या हातातल्या बनकडे पाहिलं.

"खायला उजवा," इल्पोने घाईने खुलासा केला, "कामाला डावा."

ताउनो खुर्ची ओढून जावयाच्या जवळ येऊन बसले, हे नवलच होतं.

"डावखुरा? कधी बोलला नाहीस, जावईबापू."

"विषय निघाला नाही."

"शाळेत छळलं असेल मास्तरांनी?"

"थोडंफार," इल्पो म्हणाला आणि त्याचे कान तापले. आपण इतक्या सफाईने खोटं बोलू शकतो, हे त्यालाही नवीन होतं.

झालं! त्या दिवसापासून इल्पोचा उजवा हात वनवासात गेला. सासूबाईंच्या, आइलींच्या, पांढऱ्या टेबलक्लॉथवर माशाचं सूप सांडलं. दाढी करताना हनुवटी कापली. सॉनामध्ये, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरात, ताउनोंनी पाण्याचा डाव मोठ्या कौतुकाने त्याच्या डाव्या हातात दिला. "आज दगडांवर पाणी जावई टाकणार." इल्पोने नेम धरून पाणी फेकलं. तापलेले दगड राहिले कोरडे आणि गार पाणी सपकन बाजूला बसलेल्या, शेजारच्या घरातल्या विल्योच्या उघड्या पोटावर बसलं.

"ताउनो," विल्यो फळीवरून उडी मारून ओरडला, "जावई डावखुरा आहे म्हणालास. वैरी आहे हे नाही सांगितलंस!"

"सांगून टाक ना बाबांना," साइला रात्री म्हणाली. "एकदाच काय ती लाज वाटेल, मग सुटलास."

"आता कसं सांगू? ते माझ्याशी बोलायला लागलेत."

हे खरं होतं. लग्न झाल्यापासून ताउनो त्याच्याशी हवामानापलीकडे फारसे बोलले नव्हते. आता ते रोज त्याच्यापाशी येत, कुऱ्हाड हातात घेत, वळणावरून अंगठा फिरवत आणि हळूच परत ठेवत. "छान निवडलीस," म्हणत. प्रत्येक 'छान' इल्पोला चाबकासारखं लागायचं. तो लाकडाच्या खोपटामागे जाऊन सरपणावर डाव्या हाताने सराव करायचा. सरपणाचं फारसं काही बिघडत नव्हतं. त्याच्या बुटाचं मात्र बिघडलं.

शनिवारी सगळं गाव आलं. आइलींनी वाटाण्याच्या सुपाचं पातेलं चुलीवर चढवलं. ताउनोंनी पहिला ओंडका लाकडी घोडीवर ठेवला होता, तोही डावखुऱ्याला सोयीचा पडेल अशा बाजूने, आणि स्वतः सूत मारून काळी रेघ ओढून ठेवली होती. मंडळी कॉफीचे पेले घेऊन अर्धगोल करून उभी राहिली.

इल्पोने पहिला घाव घातला. कुऱ्हाड रेघ ओलांडून पार आत गेली आणि रुतून बसली. ती ओढून काढताना तो दोन पावलं मागे धडपडला. दुसऱ्या घावाला हाताएवढी ढलपी उडाली, रेघेच्या नको त्या बाजूची. कोणीतरी कॉफीचा घुटका घेतला, तो सगळ्यांना ऐकू आला. कोणी हसलं असतं तर बरं झालं असतं. ताउनोंनी जपून वाढवलेलं झाड आपण त्यांच्या डोळ्यांदेखत नासवतोय, या विचाराने त्याने कुऱ्हाड खाली टेकवली.

"मला काही सांगायचंय," तो म्हणाला.

"दे इकडे," ताउनो म्हणाले. त्यांना राहवलंच नाही. त्यांनी कुऱ्हाड घेतली, डाव्या हातात तोलली आणि घाव घातला. मग दुसरा, तिसरा. ढलप्या पातळ पापडासारख्या गळू लागल्या आणि रेघ तशीच्या तशी राहिली. अर्धा ओंडका संपला तेव्हा कुठे आपल्याभोवती माणसं आहेत, हे त्यांच्या लक्षात आलं.

"ताउनो," विल्यो म्हणाला, "तू तर उजवा. हे कधीपासून?"

ताउनो मानेपर्यंत लाल झाले. त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, शेवटी इल्पोकडे पाहिलं. "जावयानं शिकवलं," ते म्हणाले आणि तडक खोपटामागे निघून गेले.

इल्पो त्यांच्या मागे धावला.

"जंगलात एकटा असलो की मी डाव्यानंच काम करतो," ताउनो त्याच्याकडे न बघता म्हणाले. "या घरात जावई म्हणून आलो, तेव्हा आइलीच्या बापानं उजवी कुऱ्हाड हातात ठेवली. डावखुरा आहे म्हणायची लाज वाटली. उद्या सांगू म्हटलं, ते पन्नास वर्षं राहिलं. आणि तू? पहिल्याच दिवशी बेधडक सांगून मोकळा झालास!"

इल्पोला तिथल्या तिथे जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

"मी डावखुरा नाही," तो म्हणाला. "कुऱ्हाड न बघता घेतली. ते कबूल करायची लाज वाटली."

"अजिबात नाहीस?"

"अजिबात नाही."

ताउनो तळ्याकडे बघत राहिले. "मला वाटलं होतं, घरात आपल्यासारखा एक तरी आला," ते म्हणाले. मग त्यांनी खोपटाच्या भिंतीला लावलेली स्वतःची उजवी कुऱ्हाड उचलून जावयाच्या उजव्या हातात दिली. "ही धर. मला कधी मानवलीच नाही."

दोघे परत आले आणि ओंडक्याच्या दोन बाजूंना उभे राहिले. इल्पोचे घाव ओबडधोबड होते, पण रेघ ओलांडत नव्हते. विल्योचा पेला हातात तसाच राहिला.

"दोन्ही हातांनी येतं याला!" तो म्हणाला. "आणि मघाशी मुद्दाम येत नसल्याचं दाखवलं, सासऱ्याला पुढे करायला!"

आता मात्र इल्पोला सहन होईना. न केलेल्या कर्तबगारीचं कौतुक ऐकण्यापेक्षा लाकूड गिरणी परवडली. तो सगळ्यांकडे वळला. "असं काही नाही. मला काही येत नाही. मी कुणाला काही शिकवलेलं नाही. ही कुऱ्हाडसुद्धा मी चुकून घेतली."

मंडळींनी एकमेकांकडे पाहिलं आणि गंभीरपणे माना डोलावल्या. त्या गावात 'मला येतं' म्हणणाऱ्यावर कोणी कधी विश्वास ठेवत नसे. ज्याला खरोखर येतं, तो 'मला कुठलं यायला' असंच म्हणतो, हे सगळ्यांना माहीत होतं. दोन हिवाळे इल्पोने फुशारकी मारली, तेव्हा गाव पाठीमागे हसलं होतं.

विल्योने पेला खाली ठेवला आणि आदराने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "पुढच्या उन्हाळ्यात मला सॉना बांधायचाय. कष्ट माझे. हत्यारं तेवढी तू निवडून दे."

"अहो, मला हत्यारांतलं खरंच काही कळत नाही!" इल्पो काकुळतीला येऊन म्हणाला.

"बघा," विल्यो बाकीच्यांकडे वळून म्हणाला, "परत तेच."