चालणारे तांदूळ

गणपत कंपाउंडर कुणालाही रामराम घालण्याआधी त्याच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघे. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची गोष्ट. शहापूरच्या गुरांच्या दवाखान्यात नोकरी, त्यामुळे बैल, बकरी आणि माणूस यांत त्याला फारसा फरक वाटत नसे. मी शाळामास्तर, त्याच्या शेजारच्या खोलीत राहणारा. माझी पापणी बघून तो रोज म्हणे, "मास्तर, रगत फिकं हाय." हेच त्याने एकदा मामलेदारांनाही ऐकवलं.

त्याचं खरं वैर जनावरांच्या पोटातल्या पट्टीसारख्या लांब, चपट्या जंताशी.

एका रविवारी आम्ही जवळच्या शेणवे गावी गेलो, तर सकूबाई नावाच्या विधवेची बकरी राघो नावाच्या शेतकऱ्याच्या ओट्याला बांधलेली. तिच्या लेंड्यांत पांढरे दाणे दिसले होते. भाताच्या गावात पांढरा दाणा म्हणजे तांदूळच. राघोचा कांडून ठेवलेला तांदूळ हिनेच खाल्ला, म्हणून गावकीने बकरी कापायची ठरवली. सकूबाईकडे दुसरं जनावर नव्हतं.

गणपतने ताज्या लेंड्या पळसाच्या पानावर घेतल्या. दाणे हळूहळू सरकू लागले.

"राघो, तुझा तांदूळ चालतो काय रे?"

राघो दोन पावलं मागे सरला. तरी कुणीतरी म्हणालंच, "तांदूळ बी खाल्ला असंल."

मग गणपतने बकरीच्या कानातला रक्ताचा थेंब टीपकागदावर घेतला, शेजारी राघोच्या बकरीचा. राघोच्या बकरीचा लालभडक, सकूबाईच्या बकरीचा धुतलेल्या कुंकवासारखा.

"तांदूळ खाऊन रगत असं पानी होतं काय? ही उपाशी हाय. ह्ये दानं म्हंजे जंताचं तुकडं. चोर तिच्या पोटात हाय."

गावकी हसली. राघोने स्वतः दावं सोडलं. गणपतने पाजलेल्या मोरचुदाच्या पाण्याने पडलेली जंताची हातभर पट्टी दुसऱ्या दिवशी त्यानेच काठीवर धरून गावभर दाखवली. मला तर सामना जिंकल्यासारखं वाटलं.

बकरी टुणटुणीत झाली, तरी गणपत दर रविवारी शेणव्याला जात राहिला. एकदा मी सोबत होतो. सकूबाई म्हणाली, "भाऊ, बकरी रानात गेलीय."

"ठावं हाय," म्हणून तो ओट्यावर बसला.

मुरबाडकडच्या त्याच्या घरी आता कुणीच उरलं नव्हतं. इतकी वर्षं शेजारी राहून मी त्याला कधी जेवायलाही बोलावलं नव्हतं, याची मला लाज वाटली.

सकूबाईने त्याच्यापुढे भाकरी ठेवली.

"पुढल्या ऐतवारी जरा लवकर या, भाऊ. ऊन ऊन मिळंल."