साहेबरावांचा उजवा गाल

उस्मानपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत साहेबरावकाका अर्धी दाढी करून फिरायचे. डावा गाल गुळगुळीत, उजव्यावर पांढरे खुंट. कुणी विचारलं की म्हणायचे, "तिकडं स्टे आहे." जन्मभर कोर्टात कारकुनी केलेला माणूस. घरी चहाला उशीर झाला तरी 'पुढची तारीख पडली' म्हणायचे.

स्टेचं कारण मात्र हसण्यासारखं नव्हतं. उजव्या गालात वीज शिरावी तशी कळ यायची. वस्तरा लागला, पंख्याचा वारा लागला, की काका बोलता बोलता थांबायचे आणि डोळ्यांत पाणी यायचं. दाढच दुखतेय, असं धरून त्यांनी हट्टानं दोन दाढा काढून घेतल्या. कळ होती तशीच. त्या दाढा चुन्याच्या डबीत ठेवून ते पाहुण्यांना दाखवायचे, "बघा, दोन्ही बेगुनाह. असली मुजरिम फरार आहे."

मीही हसायचो. एका सकाळी पेपर मागायला गेलो आणि हसू विरलं. कौसाकाकूंची नजर शुगरनं गेलेली. रोज सकाळी त्या काकांच्या चेहऱ्यावरून हात फिरवायच्या. नवऱ्याला बघायची तेवढीच रीत उरली होती. हात उजवीकडं वळला, तसा काकांनी तो अलगद धरला आणि डाव्या गालावर आणून ठेवला.

बाहेर येऊन मला म्हणाले, "तिला बोलू नको बरं. मला दुखतंय कळलं, तर ती हातच लावायची नाय."

पुढं त्यांना शर्टाची बटणं लावता येईनात, पाय अडखळू लागले. मीच डॉक्टरांकडं नेलं. मानेतला मज्जारज्जू दबला होता, ऑपरेशन लांबवण्यासारखं नव्हतं. काकांनी विचारलं ते फक्त गालाचं.

"चेहऱ्याच्या नसेचे काही धागे मानेपर्यंत उतरतात," डॉक्टर म्हणाले. "संबंध असू शकतो. पण गाल बरा होईलच, अशी हमी देत नाही."

"म्हणजे संशयाचा फायदा. चालंल," काका म्हणाले. जिना उतरताना मात्र त्यांनी माझा दंड सोडला नाही.

ऑपरेशननंतर हात हळूहळू चालू लागले. कळाही विरळ होत गेल्या आणि थांबल्या. कशामुळं, ते डॉक्टरांनीही छातीठोकपणे सांगितलं नाही. मग एका सकाळी काकांनी मला हाक मारली. मानेला पट्टा, दोन्ही गाल गुळगुळीत. समोर बसून त्यांनी काकूंचा हात स्वतःच उजव्या गालावर ठेवला. एवढा घाबरलेला माणूस मी पाहिला नव्हता.

हात बराच वेळ तिथंच राहिला.

"लई दिवसांनी," काकू म्हणाल्या.

"तुला ठाऊक व्हतं?"

"व्हय. माझा हात धरताना तुम्ही थरथरत व्हता की. तुम्ही लपवत व्हता, म्हणून मी इचारलं नाय."

काकांचा हात सवयीनं काकूंच्या हाताकडं गेला.

"आता हात धरू नका," काकू म्हणाल्या. "नीट बघू द्या."