सप्पोरो, मु. पो. गुंगालिन

खोटं बोलावं तर आपली ऐपत बघून बोलावं, असं माझी बायको मयूरा लग्नापासून सांगत आली आहे. पण त्या दिवशी ती कांदा चिरत होती आणि फोन माझ्या हातात होता.

दोन हजार एकवीसचा मे महिना. बाबा ठाण्याच्या एका हॉस्पिटलात, कोविडच्या वॉर्डात, आणि आम्ही ऑस्ट्रेलियात, कॅनबेऱ्याच्या गुंगालिन उपनगरात. आई आधीच गेलेली, मी एकुलता एक. देशाबाहेर जायला बंदी होती. (मी अर्ज केला होता. उत्तरात त्यांनी माझ्या संयमाबद्दल आभार मानले होते.) बाबांच्या तोंडाची चव गेली, वास गेला, शेजारच्या खाटांवरची माणसंही एकेक करून गेली, आणि बाबांनी ताट बाजूला सारायला सुरुवात केली. पोटात काही गेलं नाही तर औषधं एकटी काय करणार, असं डॉक्टर म्हणाले. बाप हातचा चालला होता आणि मी इथे बसून ऑफिसच्या ईमेलना उत्तरं देत होतो. फार भीती वाटत होती.

बाबा भूगोलाचे मास्तर. जन्मभर नकाशावर बोट ठेवून पोरांना जग दाखवलं, स्वतः मात्र नाशिकच्या पुढे गेले नाहीत. रिटायर झाल्यावर एकच हट्ट धरला. जपानच्या उत्तरेला सप्पोरो नावाचं शहर आहे, तिथे हिवाळ्यात बर्फाचे पुतळे उभारून उत्सव करतात, खायला खेकडे आणि रामेन नावाचं नूडल्सचं गरमागरम सूप मिळतं, ते एकदा बघायचं. आमची तिकिटंही काढून झाली होती. मग आजाराच्या बातम्या आल्या आणि बाबाच म्हणाले, "पुढच्या वर्षी जाऊ. सप्पोरो काय पळून जातंय?"

"बाबा, दोन घास तरी खा," मी फोनवर म्हणालो.

"तूच खा. सप्पोरोला जा आणि माझ्या वाटचंही खा."

"उद्याच चाललोय!"

कांदा चिरायचा थांबला.

"ऑफिसचं काम निघालंय," मी दामटून सांगितलं. "उद्या तुमच्या जेवणाच्या वेळी तिथून व्हिडिओ कॉल करतो. मी एक घास, तुम्ही एक घास. कबूल?"

बाबा म्हणाले, "कबूल."

"कसलं ऑफिसचं काम?" फोन ठेवताच मयूरा कडाडली. "तू पेन्शनचं सॉफ्टवेअर टेस्ट करतोस! बॉर्डर बंद आहे, बाबा पेपर वाचतात!"

"वॉर्डात पेपर येत नाही," मी म्हणालो. (माझी सगळी योजना या एका वाक्यावर उभी होती.)

त्यांच्या जेवणाची वेळ म्हणजे इथली संध्याकाळ. बॅकयार्डात अंधार आणि दात वाजवणारी थंडी. नव्या फ्रिजबरोबर आलेलं थर्माकोल आम्ही किसणीवर किसलं. मयूरा स्टुलावर चढून ते माझ्या डोक्यावर भुरभुरवत होती. रामेन म्हणजे आमटीत बुडवलेले इन्स्टंट नूडल्स.

कुंपणावरून शेजारच्या केलीने डोकं काढलं. "यू राइट, मेट?"

"नो वरीज! माय फादर इज वॉचिंग!"

केलीने एकदा आकाशाकडे पाहिलं आणि हळूच घरात गेली.

फोन लागला. पीपीई किट घातलेल्या मीनाक्षी सिस्टरनी तो बाबांसमोर धरला होता.

"बराच पडलाय बर्फ," बाबा म्हणाले.

"हो ना!"

"रामेनवर मका घातलाय? बटर?"

"दोन्ही."

"मग खा."

मी थर्माकोलसकट घास घेतला. बाबांनी वरणभाताचा घेतला. मग दुसरा, मग तिसरा. वाटी संपली तेव्हा माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. रामेन तिखट आहे, असं मी सांगून टाकलं.

मग रोजच सप्पोरो भरायला लागलं. एकदा तर खेकड्याच्या नांग्या म्हणून मी शेवग्याच्या शेंगा चोखल्या. बाबा रोज जेवत होते.

आठवडाभराने मयूराने विचारलं, "यतिन, सप्पोरोला मे महिन्यात बर्फ असतो?"

आम्ही फोनवर बघितलं. तिथे लख्ख ऊन होतं, झाडं फुलली होती आणि लोक अर्ध्या बाह्यांत फिरत होते. या उलट्या देशात मे म्हणजे थंडी, आणि इतकी वर्षं इथे राहून माझं डोकंही उलटं झालेलं. हे सोंग मी दाखवलं कुणाला, तर भूगोलाच्या मास्तरांना!

"उद्यापासून बर्फ बंद करू या?"

"एकदम बंद केलास तर नक्कीच कळेल!"

म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही जास्तच किसलं. बाबा काहीच बोलले नाहीत, मुकाट्याने जेवले. आजाराने बाबांना इतकं साधंही उमगेनासं झालं, या विचाराने मला गलबलून आलं.

पुढच्या आठवड्यात त्यांचा ऑक्सिजन उतरला तो परत चढलाच नाही. बाबा गेले. अंत्यसंस्कार मी स्क्रीनवर पाहिले. मी सप्पोरोत आहे असं समजून माझा बाप गेला, शेवटी मी त्यांना फसवलंच, एवढं एकच मनाला खात राहिलं.

दुसऱ्या दिवशी मीनाक्षी सिस्टरनी आपणहून फोन केला. मी विचारलं, "सिस्टर, आम्ही जपानमध्ये नव्हतो. बाबांना कळलं नाही ना?"

"पहिल्याच दिवशी कळलं, दादा. फोन बंद झाल्यावर सर म्हणाले, मे महिन्यात तिथे बर्फ कुठला! मी म्हटलं, मग सांगा ना त्याला. तर म्हणाले, नको. मी जेवावं म्हणून पोरगं थंडीत उभं राहतंय."

सिस्टर पुढे म्हणाल्या, "अजून एक म्हणाले. सांगू का?"

"सांगा."

"म्हणाले, नववीत ह्याला भूगोलात मीच पास केलंय, आता कुठल्या तोंडाने बोलू?"